चोरचोळी घालून ऑफिसात

तुम्ही चहा घ्या, मी सांगते. पण एक अट आहे. हसायचं ते शेवटी. मधेच कुणी हसलं की मी गोंधळते, आणि ही हकिकत मुळातच माझ्या गोंधळाची आहे, तीत आणखी भर नको!

तशी मी अडाणी नाही हं. सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. झालेय, तेही तर्कशास्त्र घेऊन. ‘सर्व मनुष्य मर्त्य आहेत’ वगैरे सगळं तोंडपाठ. आता दारावरची बेल वाजली तरी जी बाई हातातली वाटी सोडते, तिने तर्कशास्त्र घेऊन काय करायचं, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत.

लग्न झालं आणि यांच्यामागोमाग मी कुवेतला आले. हे मीना अब्दुल्लाला, तेलाच्या कारखान्यात. शनिवारी पहाटे जायचे ते गुरुवारी संध्याकाळी उगवायचे. मी सालमियात, समुद्राकडे पाठ केलेल्या दोन खोल्यांत एकटी. शेजारी हलिमाखाला. रत्नागिरीकडच्या, वयाने माझ्या आईएवढ्या, आणि भिंतीपलीकडून माझा खोकला ऐकून काढा घेऊन येणाऱ्या. एकटीने भिंती किती दिवस बघायच्या? म्हणून मी शहरात एका कंपनीत टायपिस्टची नोकरी धरली. कंपनी फ्रिज आणि कूलर विकायची. माझं टेबल अगदी दर्शनी, काचेच्या दारासमोर.

आमचे मॅनेजर हॅरिससाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, “मिसेस केळकर, गिऱ्हाईक आधी तुम्हाला बघतं, मग आमच्या फ्रिजकडे वळतं. तेव्हा कपडे नेहमी नीटनेटके.” तेव्हापासून मी इस्त्रीची साडी, जुळता ब्लाऊज, खांद्यावर पिन, अशी जाऊ लागले. त्या टेबलावर बसलं की मला वाटायचं, मी म्हणजे कुणीतरी आहे. माहेरी आणि सासरी मिळून पगार घेणारी मी पहिली बाई! नोकरीत अजून कच्ची होते, पण पक्की व्हायचे दिवस जवळ आले होते. पक्की झाले की सगळं रीतसर, रजासुद्धा. कच्ची असताना काही झालं तर?

आणि नेमकं तेव्हाच झालं. म्हणजे, दिवस राहिले.

आनंद झाला का? झाला की! पण आनंदाच्या पाठोपाठ धास्तीही आली. कारण आयरिन. आयरिन ही आमची दुसरी टायपिस्ट, गोव्याची, स्कर्ट घालणारी, अतिशय गोड मुलगी. तिने एकदा सहज सांगितलं होतं, “तुझ्या जागेवर पूर्वी एक बेरूतची होती. पोट दिसायला लागलं, आणि गेली.”

गेली! म्हणजे काय? काढली असणार. झालं, माझं तर्कशास्त्र सुरू. जिचं पोट दिसतं तिची नोकरी जाते. माझं पोट दिसणार. म्हणून माझी नोकरी जाणार. उपाय एकच, पोट दिसू द्यायचं नाही. पक्की होईपर्यंत.

पण पोट लपवायचं कशात? तिकडे त्यासाठी वेगळे कपडे मिळत असतील, मड्डमा घालतात तसले झग्यासारखे. ते घालणं म्हणजे पाटी लावणंच की! मी ठरवलं, आपले रोजचेच कपडे वापरायचे, फक्त डोकं लावून. परकराची नाडी बेंबीखालून काढून बरगड्यांखाली नेली. निऱ्या मधोमध न घेता जरा डावीकडे, पुढे फुगतील अशा. पदर मागून उजवीकडून पुढे आणला, पोटावरून आडवा घेतला आणि डाव्या कमरेला खोचला. आरशात बघितलं. कुणी म्हणालं असतं, काय सोज्वळ बाई आहे! वर जागेवरून उठायचं झालं की टाइपरायटरचं झाकण मी हातात घ्यायची आणि पोटासमोर धरून चालायची. फाइल आणायला झाकण, पाणी प्यायला झाकण. एकदा हॅरिससाहेबांनी विचारलंसुद्धा, “मिसेस केळकर, हे झाकण कुठे निघालंय?” मी म्हटलं, “धूळ फार आहे, सर.” कुवेतमध्ये हे उत्तर कधीही चालतं.

साडीचं भागलं. साडी बिचारी कशालाही पुरते. घोटाळा केला ब्लाउजांनी. शिलाईत जेवढी माया होती तेवढी मी उसवून संपवली. बाह्या दंडात रुतायला लागल्या. एक दिवस शिंकले, आणि दोन हुक उडून टाइपरायटरमध्ये गेले. ‘एम’ अक्षर दोन दिवस उठेना.

तेवढ्यात सासूबाईंकडून पुडकं आलं. मुंबईहून बोटीने येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवलेलं. आत हिरवागार खण आणि निरोप: “ही चोरचोळी. शिवून घाल, आणि कुणाला सांगू नकोस.”

चोरचोळी तुम्हाला ठाऊक आहेच. पहिलटकरणीला तिसऱ्या महिन्यात गुपचूप द्यायची हिरवी चोळी. गाजावाजा नाही, हळदीकुंकू नाही, घरातल्या घरात घालायची आणि गप्प बसायचं. बोटीच्या कृपेने माझी तिसऱ्या महिन्यातली चोळी चौथा सरता सरता पोचली.

मी खण घेऊन हलिमाखालांकडे गेले. त्यांच्याकडे शिवणयंत्र होतं.

“खाला, कुणाला सांगायचं नाही हं.”

“अगो, मी कोनाला सांगतंय? भिंतीला?” खालांनी टेप माझ्याभोवती गुंडाळली. “आनि ऐक, मी जरा सैल करतंय. तू आता थांबनारी नाय, वाढनारी हायस.”

त्यांनी असला ऐसपैस ब्लाऊज शिवला, की घातल्यावर मला कित्येक दिवसांनी पहिला पूर्ण श्वास घेता आला. हुक लागले! बाह्या सैल! मी आरशासमोर हात वरखाली करून बघितले.

आणि दुसऱ्या दिवशी तोच घालून ऑफिसात गेले.

थांबा, हसू नका. अट आठवा! दुसरा एकही ब्लाऊज अंगात जात नव्हता. खाला म्हणाल्या होत्या, “आनखी एक शिवून देतंय, कापड आन.” पण कापड आणायचं म्हणजे बाजारात जायचं. तिथल्या सगळ्या कापडवाल्यांना माझं माप डोळ्यांनी कळतं अशी माझी खात्री होती. शिवाय मी विचार केला, ऑफिसात ब्लाऊज बघतो कोण? दिसतो तो पदर. संध्याकाळी धुवायचा, गच्चीत टाकायचा. कुवेतच्या उन्हात दोरीवर घालेपर्यंत पहिली बाही वाळलेली असते. सकाळी इस्त्री करून पुन्हा अंगात. निळ्या साडीवर हिरवा, गुलाबीवर हिरवा, तपकिरीवरही हिरवाच.

जी चोळी चोरून घालायची, ती मी भर ऑफिसात, काचेच्या दारासमोर, रोज घालून बसत होते! आणि मनात म्हणत होते, कुणाला काही कळत नाहीये.

मग एकेक विचित्र गोष्ट घडायला लागली.

आधी आयरिन. माझ्याकडे बघायची, आणि मी बघितलं की छताकडे बघायची. एके दिवशी जवळ येऊन हळूच म्हणाली, “घरी सगळं ठीक आहे ना? तुझा नवरा... चांगला आहे ना?”

मी दचकले. “का? काय झालं?”

“काही नाही, काही नाही. मी आहे हो तुला.” आणि माझा हात दाबून गेली.

आता याचा अर्थ काय लावायचा? माझा नवरा चांगला असण्याचा आणि माझ्या पोटाचा संबंध... म्हणजे तसा आहेच म्हणा. पण तिला काय करायचंय?

दोन दिवसांनी इब्राहिमभाई आले. हे आमचे गोदाम सांभाळणारे. आणि नीट ऐका, हे हलिमाखालांचे सख्खे धाकटे दीर! ते इकडेतिकडे बघत माझ्या टेबलाशी आले आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी पुढे सरकवून म्हणाले, “वहिनी, रागावू नका. भावाने दिलं समजा.” आणि मी तोंड उघडायच्या आत गोदामात पसार.

मी टेबलाखाली कागद उघडला. आत काय? खण. हिरवा.

मी कागद घाईघाईने पुन्हा गुंडाळला. हिरवा खण! आता मला सांगा, आपल्यात बाईला हिरवा खण कधी देतात? मी तर्क केला. हिरवा खण ओटीत देतात. इब्राहिमभाईंनी हिरवा खण दिला. म्हणून इब्राहिमभाईंनी माझी ओटी भरली. म्हणजे त्यांना कळलंय. कुणी सांगितलं? त्यांची भावजय कोण? हलिमाखाला!

त्या संध्याकाळी खाला दारात वाटी घेऊन उभ्या होत्या. “घे गो, सांदणं क्येलंय.”

“नको,” मी म्हटलं. “भूक नाही.”

“भूक नाय? तुला? काय झालं गो बाय, तोंड कशाला उतरलंय?”

“काही नाही. काही गोष्टी भिंतींनासुद्धा सांगू नयेत, एवढंच.”

खाला माझ्याकडे बघतच राहिल्या. मग भिंतीकडे बघितलं. मग वाटी उंबऱ्यात ठेवली आणि गेल्या. सांदणं मी खाल्ली, ते सोडा. चांगली झाली होती.

पुढचा धक्का अबू जमीलचा. हे आमचे हिशेबनीस, पॅलेस्टाइनचे, उंचपुरे, मिशा मोठ्या, बोलणं कमी. त्यांनी सगळ्या ऑफिसदेखत एक पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. “मदाम, मेरा मदाम तुमको देता.” आत हिरवं कापड, आणि कापडावर कागदाची पुडी. पुडीत खारका!

खण आणि खारीक! अहो, पॅलेस्टाइनच्या माणसाला कुणी शिकवलं हे?

मी पिशवी पटकन टाइपरायटरच्या झाकणाखाली दडवली. दुपारी आयरिननेही खोक्यातून एक कापड काढलं. हिरवं. पोपटी नाही, शेवाळी नाही, माझ्या चोरचोळीचा तोच रंग. “बाजारभर फिरले मॅच करायला,” ती म्हणाली. “तुला हाच रंग लागतो ना?”

लागतो! तिला हेही ठाऊक होतं की हिरवाच लागतो!

गुरुवारी हे आले. बूट काढायच्या आत मी सगळं सांगितलं.

“आपलं फुटलं हो! सगळं ऑफिस माझी ओटी भरतंय.”

यांनी एक बूट हातात धरून विचार केला. “पण ओटी बायका भरतात ना? पुरुष कुठे भरतात?”

“परदेशात रीत बदलत असेल.”

“आणि नारळ?”

“काय नारळ?”

“नारळाशिवाय ओटी कसली? नारळ दिला का कुणी? नाही ना? मग ती ओटीच नव्हे. कापडं दिलीत लोकांनी. घे, शिव, घाल.” आणि हे अंघोळीला गेले.

बघा, या माणसाने तर्कशास्त्र घेतलं नव्हतं, तरी बोलणं बिनतोड होतं. मला हायसं वाटलं. खरंच की, नारळ नाही! नारळ नाही म्हणजे ओटी नाही, ओटी नाही म्हणजे कुणाला कळलेलं नाही. शुक्रवारभर मी गाढ झोपले.

शनिवारी ऑफिसात गेले, तर आयरिन म्हणाली, “साहेबांनी तुला दहा वाजता आत बोलावलंय. अरबाबही आलेत. तुला पक्कं करायचं आज ठरतंय बहुतेक.”

अरबाब म्हणजे आमचे मालक, अबू सालेम. वयस्कर कुवेती गृहस्थ, पांढराशुभ्र झगा, हातात जपमाळ. तरुणपणी मुंबईत खजूर आणि मोत्यांच्या पेढीवर वर्षानुवर्षं काढलेली, त्यामुळे हिंदी अस्सल भेंडीबाजारातली. महिन्यातून एकदा येत. ते आले की सगळ्यांच्या पाठी ताठ होत.

म्हणजे आज निकाल! मी बाथरूममध्ये जाऊन निऱ्या पुन्हा घेतल्या, पदर ओढून ओढून खोचला, पोट आत घेऊन बघितलं. ते आता कुठलं आत जातंय? झाकण घ्यावं का? मालकासमोर टाइपरायटरचं झाकण घेऊन कसं जायचं? झाकण टेबलावर ठेवलं आणि रामरक्षा म्हणत आत गेले.

हॅरिससाहेब उभे होते. कान लाल. हा इंग्रज गडी गिऱ्हाइकांशी खडाखडा भांडायचा, पण त्या दिवशी टायची गाठ चाचपडत होता. अरबाब खुर्चीत जपमाळ ओढत बसलेले.

“मिसेस केळकर, तुमच्या कामावर आम्ही खूश आहोत,” साहेब म्हणाले. “दुसरी एक गोष्ट आहे. जरा नाजूक आहे. ऑफिसातल्या सगळ्यांना तुमच्याबद्दल... अं... आपुलकी वाटते. तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. आमच्यातर्फे ही लहानशी भेट.”

त्यांनी टेबलावरची घडी उचलली. कापड. हिरवं.

“आणि हो, अरबाबांचं गलबत मलबारहून आलंय. आज सगळ्या स्टाफला एकेक देतोय, हा तुमचा.” असं म्हणून त्यांनी त्या हिरव्या कापडावर ठेवला...

नारळ!

शेंडीसकट! हिरव्या खणावर शेंडीचा नारळ, तो दोन्ही हातांत धरून एक वडीलधारा पुरुष माझ्यासमोर उभा!

तुम्हाला वाटेल, मी विचार केला असेल. अजिबात नाही. ‘सगळ्या स्टाफला’ वगैरे माझ्या कानापर्यंत पोचलंच नाही. आईने, आजीने, शेजारणींनी लहानपणापासून जे हातांना शिकवलंय ते हात आपलं आपण करतात. समोर खण-नारळ आला की बाईने काय करायचं? मी कमरेचा पदर सर्रकन ओढून काढला, दोन्ही हातांनी पोटासमोर छान पसरून धरला, पूर्वेकडे तोंड केलं, आणि खाली मान घालून उभी राहिले.

पदर आडवा होता तोवर सोज्वळ बाई होती. पदर सुटला, आणि मधे पितळेच्या घागरीसारखं माझं पोट! नाडीला जोड म्हणून लावलेली मोठी सेफ्टी पिन त्या हिसक्याने टण्णकन सुटली आणि साहेबांच्या टेबलावर जाऊन पडली.

ती पिन गरगरत टेबलाच्या कडेशी जाऊन थांबली.

हॅरिससाहेब नारळ धरून तसेच उभे. मी पदर पसरून तशीच उभी. नारळ काही पदरात पडेना. मी म्हटलं, हा माणूस थांबलाय कशाला? कुंकू लावायचं राहिलं म्हणून?

मग मी वर बघितलं. त्यांची नजर माझ्या पोटावर. तोंड उघडं. त्या तोंडाकडे बघून मला स्वच्छ कळलं, या माणसाला आजपर्यंत यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

आणि मग माझं जे सुटलं म्हणता! इंग्रजी, मराठी, सगळं एकात एक. “सर, मला काढू नका! मी शेवटपर्यंत येईन! मी हळू चालते पण टायपिंग हळू नाही! त्या बेरूतच्या बाईसारखं करू नका सर! ही चोरचोळी आहे, मी कुणाला सांगितलं नव्हतं, खालांनी सांगितलं, तुम्ही सगळ्यांनी ओटी भरली, मला वाटलं तुम्हाला कळलंय, नारळ नव्हता म्हणून वाटलं नाही कळलं, आणि आज नारळ...” इथे मला रडू फुटलं. रडतानाही पदर पसरलेलाच होता हो! पदर सोडावा तर कोपरांनी दाबून धरलेला परकरही सुटायचा.

“मिस आयरिन!” साहेब ओरडले. बुडणारा माणूस ओरडतो तसे.

आयरिन धावत आली. तिने माझ्याकडे बघितलं, दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि म्हणाली, “जीझस! म्हणून तो एकच ब्लाऊज!”

मग हळूहळू उलगडा झाला. आठवडेच्या आठवडे मी तोच एक हिरवा ब्लाऊज घालून येतेय हे सगळ्या ऑफिसने पाहिलं होतं. साड्या तीन-चार, ब्लाऊज एकच. बिचारीकडे दुसरा नाही! नवरा कवडीचुंबक असणार, घेऊन देत नसणार! म्हणून मला न दुखवता, ज्याने त्याने आपापल्या परीने एकेक ब्लाऊजचं कापड द्यायचं ठरवलं. आणि रोज हिरवाच घालते त्याअर्थी हिला दुसरा रंग चालत नसेल, काही व्रत असेल, म्हणून सगळ्यांनी शोधून शोधून हिरवं आणलं. खारका? त्या अबू जमीलच्या बायकोने पाठवल्या होत्या, कारण तिच्या मते एवढ्या कंजूष घरात मला पोटभर खायलाही मिळत नसणार.

“आणि ती बेरूतची?” मी हुंदका देत विचारलं.

“ती?” आयरिन म्हणाली. “ती आईकडे गेली बाळंतपणाला. स्वतःच! कुणी काढली तिला?”

मी म्हटलं, धरणी दुभंग. पण तिथे खाली नुसती वाळू, ती कसली दुभंगतेय!

मी अरबाबांकडे बघितलं. आता त्यांचे खांदे हलायला लागले. मग पोट. मग ते मोठ्याने हसले, डोळे पुसले, उठले, आणि साहेबांच्या हातातला खण-नारळ घेऊन म्हणाले, “हॅरिस, ऐसे पकड़ के क्या खड़ा है? ये इनका रिवाज है. गिरगाँव में हमारे पड़ोस में देखा है मैंने.” आणि ‘माशाल्ला’ म्हणून, अगदी रीतीने, तो खण आणि नारळ माझ्या पदरात घातला.

मग साहेबांकडे वळले. “ये टाइप किससे करती है?”

“म्हणजे?” साहेब गडबडले.

“पेट से करती है क्या? उँगली से करती है ना? तो फिर? पक्की कर दे. और इसको पंखे के पास बिठा.”

एवढंच. माझ्या महिनोन्‌महिन्यांच्या कसरतीचा निकाल जपमाळेच्या दोन मण्यांत लागला.

मी पदर सावरून दाराशी पोचले, तेव्हा हॅरिससाहेबांनी मागून विचारलं, “मिसेस केळकर, एक सांगा. तुम्ही दुसरा एक ब्लाऊज का नाही शिवून घेतलात?”

मी नारळ सावरत दार ओढून घेतलं. बी.ए., तेही तर्कशास्त्र घेऊन!

संध्याकाळी ती सगळी हिरवी कापडं घेऊन मी हलिमाखालांच्या दारात उभी राहिले.

“खाला, मला वाटलं तुम्ही इब्राहिमभाईंना सांगितलंत.”

“त्याला?” खालांनी कपाळावर हात मारला. “अगो, मी माज्या घोवाला नाय सांगितलंय! तो इचारत होता, केळकरनीचा तोंड का फुगलाय. मी बोलले, हवा बदललीय.” मग त्यांनी माझ्या हातातला ढीग बघितला. “आनि ह्यो काय? हिरव्या कापडाचा दुकान काढतंस?”

मी सांगितलं. नारळापर्यंत आले तेव्हा खाला यंत्रावर डोकं टेकून हसत होत्या. पिनेपर्यंत आले तेव्हा त्यांना पाणी द्यावं लागलं. त्या हसत होत्या तोवर मीच नारळ फोडला, खोवला, आणि वाटीत घालून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी ती सगळी कापडं शिवली. मी पंख्याजवळ बसून आठव्या महिन्यापर्यंत टायपिंग केलं, रजा घेतली, मुलगा झाला, परत आले. खालांनी सगळे ब्लाऊज आत घेऊन दिले. लोकांनी प्रेमाने दिलेलं कापड टाकवतं का? त्यामुळे पुढेही मी रोज हिरवाच ब्लाऊज. निळ्या साडीवर हिरवा, गुलाबीवर हिरवा. ऑफिसला त्याची सवय झाली.

मुलगा चांगला दुडुदुडु धावायला लागला होता, तेव्हाची गोष्ट. नाशिकची कुमुद म्हणून एक नवी मुलगी नवऱ्याबरोबर सालमियात राहायला आली. फ्रिज घ्यायचा म्हणून ती आठवडाभर रोज आमच्या ऑफिसात यायची, फ्रिजची दारं उघडून बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. शेवटच्या दिवशी ती हळूच माझ्या टेबलाशी आली.

“वहिनी, परक्या मुलखात तुमचं माहेरचं कुणी नाही, म्हणून मीच आणलंय. कुणाला सांगत नाही हं. रोजचा हिरवा ब्लाऊज बघून ओळखलं मी.”

तिच्या हातात खण, खणावर नारळ.

अगं वेडे, ही जुनी कापडं आहेत, पोरगा घरी खालांच्या डोक्यावर नाचतोय, मला दिवसबिवस काही नाहीत, असं सगळं सांगायला मी तोंड उघडलं होतं. शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं.

पण हातांनी तोवर पदर पसरला होता.

हं, हसा आता.